सासऱ्यांचा अंगठा

आमच्या तळावर त्यांना सगळे सासरे म्हणायचे. पायलट, साहेब, फरशी पुसणाऱ्या बाई, सगळे. कारण सरळ होतं. हेलिकॉप्टरच्या तारेला लटकून जो माणूस खाली उतरतो, बुडणाऱ्याला किंवा कड्यावर अडकलेल्याला कवेत घेऊन वर येतो, तो त्यांचा जावई. त्यालाही आम्ही जावईच म्हणतो. आता एकाच फाटकातून सासरे आणि जावई दोघंही रोज कामाला येणार म्हटल्यावर लोक सोडतात होय? मी घरी जाऊन 'आज सासऱ्यांनी माझं डोकं खाल्लं' असं म्हटलं, की माझे खरेखुरे सासरे वर्तमानपत्र खाली करून चष्म्यावरून माझ्याकडे बघायचे. त्यांची समजूत घालताना माझी पुरेवाट व्हायची.

मी होइस्ट चालवते. होइस्ट म्हणजे हेलिकॉप्टरच्या दाराच्या वर बसवलेलं, पोलादी तार सोडणारं आणि गुंडाळणारं यंत्र. कमरेला पट्टा बांधून मी दारात गुडघ्यांवर बसते. एका हाताने तार सांभाळायची आणि दुसऱ्या हातात कंट्रोलची मूठ. काळी, हातात मावेल एवढी असते ती, आणि तिच्यावर अंगठ्याखाली एक लहानसं दातेरी चाक असतं. चाक पुढे ढकललं की तार खाली जाते, मागे ओढलं की वर येते. अंगठा उचलला की आतली स्प्रिंग चाकाला आपोआप मध्यावर आणते आणि तार थांबते. काम एवढंच. तारेच्या टोकाला माणूस असतो म्हणून ते अवघड. मी तापट आहे हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे ते दिसणारच आहे. हवेत माझा हात लोण्यासारखा चालतो असं पायलट म्हणतात. जमिनीवर उतरल्यावर काय होतं ते त्यांना विचारू नका.

सासऱ्यांचा सगळा जन्म लोकांना वरखाली करण्यात गेला. हे त्यांचंच म्हणणं. तरुणपणी ते इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचे, मग बंदरावर क्रेनच्या कामाला लागले, आणि तिथून आमच्याकडे होइस्टच्या दुरुस्तीला आले. बायको लवकर गेली. मुलगी तेव्हा शाळेत होती. तिची वेणी घालायला ते शेजारणीकडून शिकले, आणि तारेचा पीळ तपासावा तसे वेणीचे पेड तपासायचे म्हणे. एक पेड ढिला दिसला की सगळी वेणी सोडून पुन्हा पहिल्यापासून. बिचारी रोज शाळेत उशिरा पोचायची आणि रोज बोलणी खायची, पण वेणी संध्याकाळपर्यंत हलायची नाही.

हीच मुलगी मोठी झाली आणि एकदा वडिलांचा घरी राहिलेला चष्मा द्यायला तळावर आली. फाटकाशी नेमका जावई उभा. तेव्हा तो जावई नव्हता, नुसताच एक उंच, कमी बोलणारा माणूस होता. पुढचं काय ते समजून घ्या. सासऱ्यांच्या कानावर आलं तेव्हा त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मुलगा वाईट नव्हता हो. पण तो ज्या तारेला लटकून पोट भरतो तिची दुरुस्ती हेच करणार, म्हणजे तिच्यात काय काय बिघडू शकतं ते जगात यांनाच सगळ्यांत जास्त ठाऊक. बरेच दिवस त्यांनी मुलीशी धड बोलणंच टाकलं. शेवटी मुलीनेच तोडगा काढला. ती म्हणाली, बाबा, तुम्ही स्वतः यंत्र बघणार असाल तर मला कसलीच काळजी नाही, मी लग्न करते. सासऱ्यांनी शब्द दिला आणि गाडं पुढे सरकलं.

तेव्हापासून रोज सकाळी, उड्डाणाच्या आधी, त्यांच्या खोलीतला फोन वाजायचा. मुलगी विचारायची, बघितलंत का? हे सांगायचे, बघितलं. मग दोघं भाजी, पाण्याची टाकी, दाढदुखी असल्या विषयांवर बोलायचे. आम्हाला तो फोन इतका सवयीचा झाला होता की तो वाजल्याशिवाय कुणी हेल्मेटला हात लावत नसे.

आणि मग तो हुकूम आला. कुठल्याशा दूरच्या तळावर मुठीवरचं चाक मागे ओढलेल्या जागीच अडकलं होतं. चालवणाऱ्याने अंगठा उचलला तरी तार गुंडाळतच राहिली आणि लटकलेला माणूस थेट दाराखालच्या पायरीवर आदळला. जीव वाचला, खांदा कायमचा गेला. आत बारीक चुरा जमून चाक रुतत होतं, असं निघालं. लगोलग हवाई सुरक्षेच्या खात्याने सगळ्या तळांना सक्ती केली. उड्डाणाच्या प्रत्येक दिवशी मूठ जमिनीवर तपासायची. हातमोजा न घालता, उघड्या अंगठ्याने चाक हळूहळू प्रत्येक जागी न्यायचं आणि सोडायचं. ते आपण होऊन मध्यावर आलं पाहिजे, आणि वाटेत कुठे किंचित जरी रुतल्यासारखं लागलं तर ती मूठ बाद. तपासणी झाल्याशिवाय होइस्टला हात लावायचा नाही.

लोकांनी थोडी कुरकुर केली. सासऱ्यांनी मात्र त्या हुकुमाला कडकडून मिठीच मारली म्हणा ना. हेलिकॉप्टर ठेवायच्या हँगरला लागून त्यांची एक अरुंद खोली होती. हिरवं रबर अंथरलेलं टेबल, भिंतीवर प्रत्येक पान्याची जागा रंगाने आखलेली, कोपऱ्यात बेसिन. सकाळी ते कोमट पाण्याने हात धुवायचे, कोरड्या फडक्याने एकेक बोट पुसायचे, खुर्चीत बसून मूठ हातात घ्यायचे आणि डोळे मिटायचे. मिटलेल्या डोळ्यांनी चाकाचं बरोबर कळतं, उघडे असले की डोळेच सगळं सांगायला लागतात आणि बोटं आळशी होतात, हा त्यांचा सिद्धांत. त्या वेळी खोलीत कुणी बोलायचं नाही. मी दारात पाय आपटत उभी. एकदा न राहवून विचारलं, अहो, चाक तपासताय की त्याची मुलाखत घेताय? त्यांनी एक डोळा उघडला आणि म्हणाले, मुलाखतच, कामावर ठेवायचं की नाही ते ठरतंय. आणि डोळा पुन्हा बंद.

खोटं कशाला बोलू, माणूस कामाला चोख होता. एकदा त्यांनी बाद केलेली मूठ मी रागारागाने हिसकावून घेतली आणि मलाही ते रुतणं लागलं, अगदी बारीक, कागदाची कडा लागावी तसं. मग मी दोन दिवस तोंड मिटून होते, आणि माझ्या बाबतीत दोन दिवस म्हणजे पुष्कळ झाले.

फक्त एक गोष्ट मला खटकायची. ही तपासणी ते दुसऱ्या कुणाला करूच द्यायचे नाहीत. आमच्या वायरिंगच्या बाईंना तपासणीचा तेवढाच अधिकार होता, शिक्षणही झालेलं. पण सासरे अंगात ताप असला तरी मफलर गुंडाळून हजर. रजा नाही, सुट्टी नाही. वायरिंगच्या बाई एकदा हसत हसत म्हणाल्या, माझा अंगठा काय भाड्याने आणलाय का? सासरे नुसते हसले आणि मूठ आपल्याकडे ओढून घेतली. आम्ही म्हटलं, जाऊ दे, मुलीचं कुंकू आहे बिचाऱ्याच्या हातात.

त्यांना साखरेचा त्रास बरीच वर्षं होता. गेल्या उन्हाळ्यानंतर त्यांची तपासणी आणखी लांबायला लागली. एकच चाक पुन्हापुन्हा. मध्येच अंगठा खालच्या ओठावर दाबून बघायचे. एकदा चहाचा स्टीलचा पेला मला फडक्याशिवाय धरवत नव्हता, तो ते चिमटीत धरून आरामात गप्पा मारत होते. मी म्हटलं, तुमचा हात आहे की चामडं? ते खूपच हसले, त्या फुटकळ विनोदाला शोभणार नाही इतके. दरवर्षी आमची वैद्यकीय तपासणी होते, त्यात डोळे, कान, काळीज सगळं बघतात. अंगठ्याचं कुणी विचारत नाही.

त्या दिवशी हवा स्वच्छ होती आणि गारठा बऱ्यापैकी. जलाशयावर सरावाचं उड्डाण होतं. फोन वाजला, सासऱ्यांनी बघितलं म्हणून सांगितलं, आम्ही निघालो. जावई माझ्या शेजारी पट्टे आवळून पाय बाहेर सोडून बसला. माणूस अडकवण्याआधी मी तारेच्या टोकाचा रिकामा आकडा एकदा खाली-वर करून बघते. तेवढं मीही सोडत नाही. आकडा खाली सोडला, चाक मागे ओढलं, तार वर यायला लागली. अंगठा उचलला. आकडा येतच राहिला. होइस्टची वीज तोडायचा खटका पायलटच्या हाताशी असतो. मी त्याला तोडायला सांगितलं, त्याने तोडली, तार थांबली. सगळं मिळून एक श्वास घेण्याइतकाही वेळ लागला नसेल. जावयाने आकडा घ्यायला हात पुढे केलेलाच होता. त्याने माझ्या मुठीवरचं चाक बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि पाय आत घेतले. आम्ही तसेच परतलो.

उतरले तेव्हा माझं डोकं असं तापलं होतं की हेल्मेट काढायचंही भान नव्हतं. मूठ सोडवून घेतली आणि तरातरा सासऱ्यांच्या खोलीत गेले. काय काय बोलायचं ते सगळं जिभेवर तयार होतं, आणि त्यात वयाचा मान वगैरे काही ठेवलेला नव्हता. मूठ टेबलावर ठेवली आणि एवढंच म्हटलं की बघा. त्यांना वाटलं असेल मला काही शंका आहे. त्यांनी शांतपणे हात पुसले, मूठ उचलली, डोळे मिटले. चाक मागे ओढलं आणि अंगठा उचलला.

"ठीक आहे," ते म्हणाले.

चाक माझ्या डोळ्यांसमोर होतं. ते ओढलेल्या जागीच उभं होतं. लहान पोराने नुसतं बघून सांगितलं असतं. आणि हा माणूस डोळे मिटून, चेहऱ्यावर समाधान आणून, ठीक आहे म्हणत होता. माझ्या जिभेवरचं सगळं तिथेच विरून गेलं. त्यांनी डोळे उघडले, माझा चेहरा बघितला, मग खाली चाकाकडे बघितलं.

तेवढ्यात साहेब आले, मागोमाग जावई आणि वायरिंगच्या बाई. साहेबांनी मूठ हातात घेऊन पाहिली आणि विचारलं की हे सकाळपासून असं होतं की वर गेल्यावर झालं. मी, जी कधी कुणाची गय करत नाही, ती चटकन म्हणाले की वर गारठा फार होता साहेब, थंडीने धरलं असेल. साहेबांनी मान हलवली. त्यांनाही ते हवंच होतं, असं मला वाटतं. प्रकरण तिथे मिटलं असतं.

"सकाळीही असंच असणार," सासरे म्हणाले. "मला कळलं नाही. उन्हाळ्यापासून या अंगठ्याला काही कळत नाही."

मग साहेबांनी हलक्या आवाजात विचारलं की अहो, मग सांगितलं का नाहीत?

"सांगितलं असतं तर दुसऱ्या कुणी बघितलं असतं."

हे म्हणताना त्यांना स्वतःलाच ते ऐकू आलं बहुतेक, कारण ते एकदम थांबले. मी सरळ सांगते, मला त्या क्षणी त्यांचा राग आला नाही, फार वाईट वाटलं. जावयाला काही होऊ नये म्हणून ज्या कामाला हा माणूस चिकटून बसला, त्याच कामापायी आज जावयाचा जीव जाता जाता राहिला. आणि हे त्यांना आमच्या कुणाच्याही आधी कळलं होतं.

साहेब भले माणूस. आरडाओरडा केला नाही. तपासणी आजपासून वायरिंगच्या बाई करतील, सासऱ्यांनी आजवर ठीक ठरवलेल्या सगळ्या मुठी त्या पुन्हा बघतील, आणि सासऱ्यांनी आधी डॉक्टरकडे जायचं, एवढं सांगून ते गेले. वायरिंगच्या बाईंनी कपाटातली दुसरी मूठ काढली आणि बेसिनवर हात धुवायला लागल्या. सासऱ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. खुर्चीतून उठून त्यांनी ती बाईंसाठी मागे ओढली. बाई बसल्या.

जावई म्हणाला की घरी मी सांगतो, तुम्ही नका त्रास करून घेऊ. सासरे म्हणाले, नाही, तिला शब्द मी दिला होता, तेव्हा मीच सांगणार. जावयाला ड्युटी सोडून जाता येत नव्हतं, कुठूनही हाक आली तर निघावं लागतं. सासऱ्यांना एकटं सोडणं बरं वाटेना. म्हणून त्यांना मी माझ्या गाडीतून नेलं.

मुलगी तिसऱ्या मजल्यावर राहते आणि घरी बसून पडदे शिवते. दार उघडलं तेव्हा तिच्या गळ्यात मोजपट्टी होती. मला आणि वडिलांना भलत्या वेळी दारात बघून तिचा चेहरा पांढराफटक पडला. मी आधी तेच सांगितलं, की तो बरा आहे, तळावर आहे, त्याला काही झालेलं नाही. ती भिंतीला टेकली. मग तिने खुर्चीवरचा कापडाचा ढीग उचलून वडिलांना बसायला जागा केली.

सासऱ्यांनी तिला सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, काही सावरून घेतलं नाही. अंगठ्याचं सांगितलं, उन्हाळ्यापासूनचं सांगितलं, रोज फोनवर बघितलं म्हणताना आपल्याला काहीच कळलेलं नसायचं हेही सांगितलं. आज काय झालं असतं तेसुद्धा त्यांनीच स्पष्ट शब्दांत सांगितलं. मी मध्ये बोलणार होते, पण मुलीने माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प बसले.

मग तिने विचारलं, "आता कोण बघतंय?"

"वायरिंगच्या बाई."

"चांगलं बघतात त्या?"

सासऱ्यांना हे किती जड जात होतं ते मला दिसत होतं. इतके महिने ज्या बाईला त्यांनी मुठीला हात लावू दिला नाही, तिच्याबद्दल आता मुलीला खात्री द्यायची होती.

"माझ्यापेक्षा चांगलं," ते म्हणाले. "आधीपासूनच त्यांना द्यायला हवं होतं."

मुलगी खुर्चीशेजारी जमिनीवर बसली. चिडलेली होती, ते तिच्या आवाजात कळत होतं, पण आवाज चढला नाही. ती म्हणाली, "बाबा, यंत्र कुणीही बघितलं असतं तरी मला चाललं असतं. मी तुम्हाला सांगितलं होतं ते माझ्यासाठी नव्हतंच. तुम्ही लग्नाला हो म्हणत नव्हतात. तुमचा जीव कशात तरी गुंतलेला राहावा म्हणून मी ते म्हटलं. रोजचा फोनही त्यासाठीच करत होते."

सासरे तिच्याकडे बघत राहिले. या एका शब्दापायी त्यांनी ताप अंगावर काढले होते, रजा सोडल्या होत्या, महिनोन् महिने खोटं बोलले होते, आणि शब्द मागणारीला तो नकोच होता. मला वाटलं आता हे रडतील. मलाच रडू येत होतं, आणि मी तर उगाच त्या कापडांच्या घड्या करत बसले होते.

मुलीने त्यांचा उजवा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. डोळे मिटा म्हणाली. त्यांनी मिटले. तिने त्यांच्या अंगठ्याचं टोक दाबलं आणि विचारलं, हे कळतंय? ते म्हणाले, नाही. तिने अंगठ्याचं पेर दाबलं. नाही. मग बोटं एकेक करून, मग तळव्याचा मऊ भाग. प्रत्येक वेळी ती विचारत होती आणि ते खरं तेच सांगत होते, आणि प्रत्येक नाहीबरोबर तिचे डोळे आणखी भरत होते. तिला वाटलं होतं फक्त अंगठा असेल.

मनगटाच्या थोडं वर तिने बोट ठेवलं तेव्हा ते म्हणाले, "इथे कळतंय."

"नक्की?"

"नक्की. तुझा हात गार आहे."

तिने हात तिथेच ठेवला. मी बाहेर आले, दार ओढून घेतलं आणि जिना उतरायला लागले.